समुद्र सर्वांचा, पण दुकान कोणाचे?

पर्यटन ही पैसेवाल्यांची हौस आहे, तिच्याशी आपला काय संबंध, असा समज आपल्या व्यापारी आणि कारागीर मंडळींत फार जुना आहे. उलट आपल्या काही शिकलेल्या तरुणांना वाटते की गावात पर्यटक येऊ लागले की गावाची गरिबी आपोआप जाईल. माझ्या मते हे दोन्ही समज अपुरे आहेत. पर्यटक येतो तेव्हा पैसा जरूर येतो. तो कोणाच्या गल्ल्यात जाऊन पडतो, हा खरा सवाल आहे. या सवालाचा जवाब पुस्तकात शोधण्यापेक्षा एका जित्याजागत्या गावात शोधावा, म्हणून मोरोक्को देशातल्या एका लहान बंदराची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे. गाव मुसलमानांचे आहे, कारागिरांचे आहे आणि समुद्राच्या काठी आहे. तेव्हा आपल्याला त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

या गावाला अरबीत 'अस्सुवैरा' म्हणतात. फ्रेंच लोकांनी ते आपल्या पद्धतीने लिहिले म्हणून नकाशावर आज 'एसाविरा' असे नाव दिसते. युरोपचे जुने व्यापारी याच बंदराला 'मोगादोर' म्हणत. माराकेश शहरापासून पश्चिमेला सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर, अटलांटिक महासागराच्या काठी हे गाव आहे. कापडाच्या कामानिमित्त कॅसाब्लांकाला जाणे झाले, तेव्हा दोन दिवस काढून मी तेथे जाऊन आलो. तिथली बोली अरबी मला समजत नाही. पण उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला पाट्यांवरची अक्षरे लागतात. गावाचे नाव 'स्वाद' या अक्षराने लिहितात, म्हणजे आपण 'तसवीर' लिहितो तेच अक्षर. त्यामुळे काही लोक 'चित्रासारखे गाव' असा अर्थ लावतात, तर काही जण तो तटबंदी या अर्थाच्या 'सूर' शब्दाशी जोडतात. तटावर उभे राहून गाव पाहिले की दोन्ही अर्थ खरे वाटतात.

सुलतानाने वसवलेली पेठ

मोरोक्कोचा सुलतान मुहम्मद बिन अब्दुल्लाह (कारकीर्द १७५७ ते १७९०) याने १७६० नंतरच्या दशकात हे गाव मुद्दाम व्यापारासाठी वसवले. त्यासाठी थिओडोर कोर्नू या फ्रेंच रचनाकाराकडून आराखडे करून घेतले. म्हणून मोरोक्कोच्या इतर जुन्या शहरांत गल्ल्यांचे जाळे असते तसे इथे नाही. रस्ते सरळ आहेत आणि एकमेकांना काटकोनात छेदतात. बंदराच्या दगडी दरवाजावर हिजरी सन ११८४ कोरलेले आहे.

सुलतान नुसता तट बांधून थांबला नाही. त्याने व्यापाऱ्यांची निवड केली, त्यांना राहायला घरे दिली आणि धंद्यासाठी भांडवल दिले. 'तुज्जार अस्सुलतान', म्हणजे सुलतानाचे व्यापारी, असे त्यांना म्हणत. त्यांत बरेच यहुदी होते. मुसलमान आणि यहुदी त्या पेठेत शेजारी राहून धंदा करीत. सहारा वाळवंटापलीकडच्या टिंबक्टूहून काफिले येत. सोने, शहामृगाची पिसे, डिंक, बदाम आणि बकऱ्याचे कातडे या बंदरातून युरोपला जाई. परतीच्या जहाजांतून इंग्लंडचे सुती कापड आणि चहा येई. मोरोक्कोत आज घरोघर पुदिना घातलेला जो हिरवा चहा पितात, त्याचा प्रसार १९व्या शतकात मोठ्या प्रमाणावर याच बंदरातून झाला.

१८४४ साली फ्रेंच आरमाराने गावावर तोफा डागल्या. त्यानंतर गाव सावरले. पण १९१२ साली मोरोक्कोवर फ्रेंचांचा अंमल बसला आणि त्यांनी कॅसाब्लांकाचे मोठे बंदर उभे केले, तो घाव मात्र खोल गेला. मोठी जहाजे तिकडे वळली. १९४८ नंतर यहुदी कुटुंबेही हळूहळू देश सोडून गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या पेढ्या व ओळखीही गेल्या. मागे राहिले मासेमारी करणारे, सुतार, सोनार, विणकर आणि रिकामी घरे.

आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाशी हा इतिहास किती मिळता आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. दाभोळ हे एके काळी अरबस्तानाशी व्यापार करणारे भरभराटीचे बंदर होते. चौलचे रेशमी कापड दूरदेशी जात होते. आज तिथे काय उरले आहे? बंदर जाते तेव्हा दलाल, सराफ आणि जहाजवाला दुसऱ्या गावी जाऊन पेढी उघडतो. कारागीर मात्र तिथेच अडकतो, कारण त्याचे सगळे भांडवल त्याच्या हातात आणि त्याच्या मोहल्ल्यात असते.

किनारा आणि वारा

आता ज्यासाठी लोक या गावी येतात त्या गोष्टी सांगतो. गावाच्या दक्षिणेला चंद्रकोरीसारखा वळलेला कित्येक किलोमीटरचा किनारा आहे. ओहोटीला वाळू सपाट आणि घट्ट होते. मग गावातली पोरे फुटबॉलचे डाव मांडतात, घोडे आणि उंटवाले फेऱ्या मारतात, म्हातारी माणसे भिंतीच्या आडोशाला बसून चहा पितात. पाणी थंड असते. वारा तर एप्रिल ते सप्टेंबर असा सुटतो की डोक्यावरची टोपी धरून चालावे लागते. माराकेश चाळीस अंशांवर तापलेले असते तेव्हा इथे पंचविशीही मुश्किलीने गाठली जाते आणि संध्याकाळी लोकरीचे कपडे निघतात. म्हणून पोहणाऱ्यांपेक्षा शीड लावलेल्या फळीवर उभे राहून लाटांवर धावणारे इथे जास्त येतात. ज्या वाऱ्याने कोळ्यांची रोजी बुडते, त्याच वाऱ्यावर फळ्या भाड्याने देणाऱ्यांची रोजी चालते.

किनाऱ्याने दक्षिणेला चालत गेले की नदीच्या मुखाजवळ दियाबात नावाचे खेडे लागते. तिथे सुलतानाच्या एका वाड्याचे अवशेष वाळूत अर्धे गाडले गेले आहेत. आणखी पुढे, गावापासून सुमारे २५ किलोमीटरवर, सिदी काउकी येथे ऐन किनाऱ्यावर एका बुजुर्गाची मजार आहे. समोर लांबच लांब मोकळी वाळू आहे. ज्याला गर्दी नको त्याने तिकडे जावे.

गावासमोरच्या समुद्रात मोगादोरचे बेट दिसते. कापडाच्या माणसाला या बेटाची हकीकत ठाऊक असावी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी जुबा दुसरा या राजाच्या काळात इथे शंखाच्या जातीच्या समुद्री गोगलगायींपासून जांभळा रंग काढीत. हा रंग रोमच्या सरदारांच्या वस्त्रांना लागे आणि सोन्याच्या तोडीने विकला जाई. तो इतका महाग का होता, ते एका हिशोबावरून समजेल. १९०९ साली पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने बारा हजार शंख फोडले, तेव्हा त्याच्या हाती जेमतेम दीड ग्रॅम रंग आला. आज ते बेट पक्ष्यांसाठी राखीव आहे. एलिओनोराचा ससाणा तिथे घरटी करतो आणि विणीच्या हंगामात माणसांना तिथे जाऊ देत नाहीत.

बंदरात निळ्या रंगाच्या लाकडी होड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. बाजूलाच मोठ्या लाकडी नावा अजून हाताने बांधल्या जातात. सकाळी सार्डिन मासळी उतरते, दुपारी ती निखाऱ्यावर भाजून मिठासह पानात येते. पर्यटक हे सगळे फुकट पाहतो, त्याचे फोटो घेतो आणि खूश होतो. पण फोटो घेतल्याने होडीवाल्याला काही मिळत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवून पुढे वाचावे.

बंदर गेले, कलावंत आले

पडक्या गावाला नाव मिळाले ते कलेमुळे. ऑर्सन वेल्स या अमेरिकन दिग्दर्शकाने १९४९ साली 'ऑथेल्लो' चित्रपटाचे चित्रण इथल्या तटावर सुरू केले. पोशाख वेळेवर पोचले नाहीत, तेव्हा त्याने एका खुनाचा प्रसंग हमामखान्यात हलवला आणि नटांना पंचे गुंडाळून उभे केले. दरम्यान गावातले शिंपी पोशाख शिवीत बसले होते. १९५२ साली हा चित्रपट कान महोत्सवात मोरोक्कोच्या नावाने दाखवला गेला आणि तिथल्या सर्वोच्च बक्षिसाचा वाटेकरी झाला.

गावाचा स्वतःचा कलावंत म्हणजे बुजमआ लखदर (१९४१–१९८९). तो इथल्या संग्रहालयाचा प्रमुख होता. जुनी कारागिरी, तावीजांवरच्या आकृत्या आणि लाकूडकाम यांतून त्याने आपली कला घडवली. १९८९ साली पॅरिसच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्याचे काम मांडले गेले. त्याच्या आदल्या वर्षी, १९८८ साली, फ्रेडरिक दामगार्ड या डेन्मार्कच्या कलाअभ्यासकाने गावात चित्रांचे दालन उघडले. कोणत्याही शाळेत चित्रकला न शिकलेले शेतकरी, मजूर, सुतार अशांची चित्रे तो लावू लागला आणि ती युरोपात विकली जाऊ लागली.

१९९८ साली ग्नावा संगीताचा महोत्सव सुरू झाला. ग्नावा हे सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम म्हणून आणलेल्या हबशी लोकांचे वंशज. त्यांची इथली जाविया हजरत बिलाल (रजि.) यांच्या नावाने ओळखली जाते. संगीताविषयी उलेमांची मते काय आहेत तो या पानाचा विषय नाही. व्यापाराच्या पानावर एवढेच नोंदवतो की ज्यांना समाजाने सर्वांत खालच्या पायरीवर ठेवले, त्यांच्याच हुनरामुळे गावाचे नाव जगात गेले. २००१ साली यूनेस्कोने तटाच्या आतले जुने गाव जागतिक वारशाच्या यादीत घातले आणि २०१९ साली ग्नावा कलेलाही अशाच यादीत जागा दिली. २०२० साली यहुदी आणि मुसलमान यांच्या शेजारपणाची आठवण सांगणारे 'बैत दाकिरा' हे केंद्रही एका जुन्या घरात उभे राहिले. आज हे गाव पाहायला देशोदेशींचे लोक येतात.

तटाखालची दुकाने

आता कारागिरांकडे वळू. समुद्राकडच्या तटावर युरोपात ओतलेल्या पितळी तोफांची रांग आहे. त्या तटाच्या पोटात पूर्वी दारूगोळा ठेवण्याच्या कमानी होत्या. आज त्याच कमानींत लाकूडकाम करणाऱ्यांचे कारखाने आणि दुकाने आहेत. लाकूड 'अरआर' नावाच्या झाडाचे. युरोपचे लोक त्याला थुया म्हणतात. त्याचा सुगंध साऱ्या गल्लीत भरलेला असतो. डब्या, मेज, बुद्धिबळाचे पट यांवर लिंबाच्या लाकडाची, शिंपल्याची आणि चांदीच्या तारेची जडावाची कामे होतात. हात इतके साफ की सांधा बोटाला लागत नाही.

एका उस्तादाकडे मी बराच वेळ बसलो. त्याच्याजवळ दोन शागीर्द होते. एक पटाशी चालवीत होता, दुसरा तेलाच्या बोळ्याने घासून चमक आणीत होता. आमच्या बोलण्याचा निम्मा भाग खुणांनी झाला आणि निम्मा मोडक्या इंग्रजीत, त्याच्या मुलाच्या मदतीने. त्याने सांगितलेली गोष्ट मला आपल्याकडची वाटली. दुकानाची मालकी त्याची स्वतःची आहे, म्हणून समोर बसून केलेल्या मालाचा पूर्ण भाव त्याला मिळतो. पण त्याचाच भाऊबंद गावाबाहेर घरी बसून डब्या करतो आणि मोठ्या दुकानाला घालतो, त्याच्या हातात विक्रीच्या किमतीचा तिसरा हिस्साही येत नाही. लाकूड तेच, काम तेच, घाम तोच. फरक फक्त एवढा की एक जण गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर आहे आणि दुसरा नाही.

आपल्या भिवंडी आणि मालेगावच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. सूत शेटजीचे, गिऱ्हाईक शेटजीचे, आणि लूमवाल्याला फक्त मजुरी. पर्यटनामुळे ही रीत बदलत नाही. मालक आणि मजूर यांचे नाते जसे असेल तसेच ते पर्यटनाच्या बाजारातही राहते, फक्त त्याच्या रकमा वाढतात.

लाकडाचा आणखी एक प्रश्न आहे. जी नक्षीदार, डोळे-डोळे असलेली फळी पर्यटकाला आवडते, ती खोडातून निघत नाही. झाडाच्या मुळाशी जमिनीत एक गाठ तयार होते, तिच्यातून ती निघते. गाठ हवी तर झाड मुळासकट उपटावे लागते. मागणी वाढली तसे जंगल विरळ झाले, चांगली गाठ महाग झाली आणि चोरून तोड सुरू झाली. गिऱ्हाईक वाढले म्हणजे बरकत आली असे नव्हे. कच्चा माल संपत असेल तर वाढलेले गिऱ्हाईक म्हणजे नातवाच्या वाट्याचे आज खाणे होय.

'कॅक्टस सिल्क' म्हणजे काय?

कापडाच्या दुकानांत गेल्यावर मात्र माझ्यातला व्यापारी जागा झाला. जिकडेतिकडे 'सबरा' नावाचे चकचकीत उशांचे अभ्रे, चादरी आणि शाली टांगलेल्या. पर्यटकाला सांगतात की हे निवडुंगाचे रेशीम आहे, वाळवंटातल्या झाडापासून हाताने काढलेले. वस्तुस्थिती अशी की घायपाताच्या जातीच्या झाडापासून पूर्वी धागा काढीत असत. पण तो धागा राठ असतो, दोरखंडाच्या कुळातला. आज बाजारात त्या नावाने विकला जाणारा बहुतेक माल व्हिस्कोसचा, म्हणजे आपल्या भाषेत रेयॉनचा आहे. ज्याने आयुष्य कापडात काढले त्याला तो हातात घेताच समजतो. अस्सल रेशमाचा धागा जाळला तर केस जळल्याचा वास येतो. रेयॉन कागदासारखा जळतो आणि मागे हलकी राख उरते. भिजल्यावर रेयॉनची ताकद कमी होते, म्हणून तो मुरगळून धुतला की लवकर विरतो.

रेयॉन विकणे हा गुन्हा नाही. रंग सुंदर, विणकाम हाताचे, भाव वाजवी असेल तर तो चांगला माल आहे. गुन्हा खोट्या नावाचा आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या आणि भिजलेला माल वर का ठेवला नाही असे विचारणाऱ्या आपल्या पैगंबरांची (स.) ती शिकवण प्रत्येक मुसलमान व्यापाऱ्याने लहानपणी ऐकलेली असते. पर्यटक पुन्हा येणार नाही, तेव्हा त्याला काय कळते, असा विचार करणारा दुकानदार फक्त एका गिऱ्हाइकाला फसवीत नाही. तो साऱ्या पेठेचे नाव विकून खातो. ज्या विणकराने खरोखर लोकरीची शाल विणली आहे, त्याचाही भाव त्या खोट्यामुळे पडतो, कारण गिऱ्हाईक आता कोणावरच विश्वास ठेवत नाही.

आपल्याकडे याच्या उलट एक फार चांगले उदाहरण आहे. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे हिमरू. सुती ताणा आणि रेशमी बाणा. किनखापासारखे दिसणारे म्हणून फारसीतल्या 'सारखे' या अर्थाच्या शब्दावरून त्याला हिमरू हे नाव पडले असे सांगतात. म्हणजे आमच्या जुन्या विणकरांनी मिश्र मालाला मिश्र म्हणूनच नाव दिले आणि त्याच प्रामाणिक नावावर इज्जत कमावली. आज त्याच हिमरूच्या नावाखाली यंत्रमागावरचा माल वेरूळ-अजिंठ्याच्या पर्यटकांना विकला जातो आणि हातमागावर खरे हिमरू विणणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. एसाविराच्या दुकानदाराला नावे ठेवण्याआधी आपण आपला ढीग उपसून पाहिलेला बरा.

घरे कोणाची झाली?

एसाविराची दुसरी दुखरी बाजू घरांची आहे. गावाचे नाव झाले तसे १९९० च्या दशकाच्या शेवटापासून युरोपचे लोक तटाच्या आतली अंगणाची जुनी घरे विकत घेऊ लागले. गावातल्या कुटुंबांना आलेली रक्कम मोठी वाटली. त्यांनी घर विकले आणि तटाबाहेरच्या नव्या वस्तीत राहायला गेली. आज त्यांतल्या कित्येक घरांत पाहुण्यांच्या खोल्या आहेत. एका रात्रीचे भाडे ऐकून जुना मालक डोक्याला हात लावतो. त्याची मुले त्याच घरात झाडू-पोछा करायला किंवा नाश्ता द्यायला जातात.

यावर काही लोक म्हणतील की परदेशी लोकांनी घेतली नसती तर ही घरे पडली असती. यात तथ्य आहे. यहुदी मोहल्ल्यातली कित्येक घरे खाऱ्या वाऱ्याने आणि दुर्लक्षाने खरोखरच कोसळली. दुरुस्तीच्या कामामुळे गवंडी, सुतार आणि चुन्याचे काम करणाऱ्यांना रोजगार मिळाला हेही खरे. पण घर वाचवण्याचा विक्री हा एकच मार्ग नव्हता. भाडेपट्ट्याने देता आले असते, भागीदारी करता आली असती. ज्याच्याकडे भांडवल नसते त्याच्याकडे जागा असते, आणि जागा हेच त्याचे भांडवल असते. ते एकदा हातचे गेले की माणूस आपल्याच गावात नोकर होतो.

कोकणातल्या वाचकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. आपल्या किती गावांत आखाताच्या कमाईवर बांधलेली घरे कुलूप लावून उभी आहेत! किती वाड्या समुद्राजवळ आहेत आणि किती जणांना मुंबई-पुण्याच्या दलालांचे फोन येत असतात! १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. मुरूड, श्रीवर्धन, हर्णै इथेही सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. जमीन विकून आलेली रक्कम लग्नात आणि गाडीत संपते. मग त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या हॉटेलाच्या फाटकावर आपला मुलगा चौकीदार म्हणून उभा राहतो. हे होऊ द्यायचे की नाही, ते आजच ठरवायचे आहे.

बायकांच्या सोसायट्या

त्या मुलखात एक प्रयोग मात्र दाद देण्यासारखा झाला. एसाविराच्या दक्षिणेला अरगान नावाची काटेरी झाडे आहेत. त्यांच्या बियांचे तेल काढण्याचे काम पिढ्यान्पिढ्या खेड्यातल्या बायका करीत आल्या. दगडाने कवच फोडायचे, जात्यावर दळायचे, हाताने मळून तेल काढायचे. रबातच्या विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका जुबैदा शर्रूफ यांनी १९९० च्या दशकात या बायकांच्या सहकारी सोसायट्या सुरू करण्यासाठी पुढाकार घेतला. तामानार गावातील सोसायटी १९९६ ची. त्यांत विधवा आणि तलाकशुदा बायकांना हक्काची रोजी मिळाली. १९९८ साली यूनेस्कोने अरगानच्या जंगलाला संरक्षित प्रदेशाचा दर्जा दिला.

इथेही मोठ्या कंपन्या आल्या, तेल ठोकाने उचलू लागल्या आणि सौंदर्यप्रसाधनाच्या बाटलीचा नफा परदेशी गेला, ही तक्रार आहे आणि ती खरी आहे. शिवाय रस्त्याच्या कडेला सोसायटीची नुसती पाटी लावून बसलेले व्यापारीही आहेत. तरीसुद्धा ज्या सोसायट्या स्वतः बाटली भरतात, स्वतःचे नाव लावतात आणि दारात आलेल्या पाहुण्याला कवच फोडण्यापासून सगळे काम दाखवतात, त्यांच्या बायकांना बी फोडून देणाऱ्या मजुरणीपेक्षा चांगला मोबदला मिळतो. तटाखालच्या उस्तादाची गोष्ट आणि या बायकांची गोष्ट एकच आहे.

आपण काय करावे?

काही दीनदार मंडळींचा आक्षेप असतो की पर्यटकांबरोबर शराब आणि बेशरमी येते, तेव्हा लांब राहिलेले बरे. मला ही काळजी समजते. पण समुद्रावर आपण दरवाजा लावू शकत नाही. पर्यटक येणारच. आपण लांब राहिलो तर गावाची रीत दुसरे ठरवतील. आपण मालक असलो तर आपल्या घराचे नियम आपण ठरवू, आणि कुटुंबासह येणाऱ्या पाहुण्याला स्वच्छ, घरगुती आणि शराबमुक्त जागा हवीच असते. मुसाफिराची खातिर करणे आपल्याला नवे नाही. मोरोक्कोच्याच टांजियर शहराचा इब्न बतूता १४व्या शतकात आपल्या किनाऱ्यावर, गोव्यापर्यंत, आला होता तेव्हा त्याला ठिकठिकाणी मुसलमान व्यापाऱ्यांनीच आसरा दिला.

माझ्या मते तीन गोष्टी कराव्यात. पहिली, समुद्राकाठची किंवा जुन्या पेठेतली जागा विकू नये. पैशाची अडचण असेल तर मुदतीच्या करारावर द्यावी, भाऊबंदांनी भागीदारी करावी, आणि करार वकिलाकडून लिहून नोंदवावा. दुसरी, मालाला खरे नाव द्यावे. रेशीम असेल तर रेशीम, मिश्र असेल तर मिश्र, मागाचे असेल तर कोणत्या मागाचे, हे चिठ्ठीवर लिहावे. भौगोलिक निर्देशनाचा कायदा आपल्या देशात १९९९ साली झाला आणि २००३ पासून अमलात आला. पण कायद्याचा शिक्का मालावर बसतो, नियतीवर बसत नाही. नियत आपली आपण सांभाळायची असते.

तिसरी गोष्ट जमातींच्या आणि वक्फच्या जबाबदार मंडळींसाठी. मोरोक्कोच्या जुन्या शहरांत पेठेतली कित्येक दुकाने हबूसची, म्हणजे वक्फची आहेत. तिथे कारागीर पिढ्यान्पिढ्या माफक भाड्यावर बसत आले. त्यामुळे बाजारभाव वाढला तरी त्यांना एकदम उठून जावे लागले नाही. आपल्याकडेही मशिदी आणि दर्ग्यांलगत वक्फचे गाळे आहेत. त्यांतले चार गाळे जरी हात चालवणाऱ्या कारागिराला, गिऱ्हाईक येते त्या रस्त्यावर, नियमाप्रमाणे आणि उघड हिशोबाने दिले, तर दहा व्याख्यानांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. दिलेल्या गाळ्यात प्रत्यक्ष काम चालले पाहिजे, तो दुसऱ्याला पोटभाड्याने देता कामा नये, एवढी अट मात्र घालावी.

समुद्र अल्लाहने सर्वांसाठी केला आहे. त्याची हवा, त्याची वाळू, त्याचा देखावा कोणी कोणाला विकू शकत नाही. पण तो पाहायला आलेला माणूस संध्याकाळी ज्या दारात शिरतो, ते दार कोणाचे असावे हे आपल्या हाती आहे. आपले हुनर तर आपल्याजवळ आहेच. त्याला दुकान, खरे नाव आणि एकी यांची जोड मिळाली तर हलाल रोजीत बरकत यायला वेळ लागणार नाही, इन्शाअल्लाह.